नाक्यापुरती झोप

आसंधाबद्दल मला जे माहीत आहे ते आधी सांगून टाकते. पुढचं सांगताना मधे थांबून समजावत बसणं मला जमत नाही.

आमच्या अणदूरच्या शिवारात आसंध बांधावर आपोआप उगवायचा. शेतकरी त्याला ढोरगुंज म्हणत, बाजारातला अत्तार असगंद म्हणे. मांडीइतकं उंच झुडूप, पातळ कागदासारख्या टोपणात गुंजेएवढी लाल फळं. झाड वाळायला लागलं की मूळ खणायचं. ओल्या मुळाला घोड्याच्या घामासारखा वास येतो. माती धुवायची, दुधात उकळायचं, सावलीत वाळवायचं, कुटायचं, फडक्यातून गाळायचं. बाळंतिणीला त्याची चिमूट गरम दुधातून दिली की कंबर सावरते आणि झोप लागते. म्हाताऱ्या माणसांच्या सुजलेल्या गुडघ्यांवर त्याचा लेप लावतात. आजारातून उठलेल्याला थोडे दिवस दिलं तर अंग धरतं.

आता कुणाला द्यायचं नाही ते. पोटुशी बाईला नाही. अंगात ताप असताना नाही. पोट बिघडलेल्याला नाही, आणि दिवसा गुंगी येऊ लागली तर त्याच दिवशी बंद. बरं वाटतंय म्हणून महिनोन्‌ महिने घेत राहायचं नाही.

हे सगळं मला आईनं शिकवलं. गल्लीतल्या बायका तिच्याकडून आसंध न्यायच्या, कारण ती मुळाबरोबर हे नियमही द्यायची आणि ऐकणारीकडून पुन्हा म्हणून घ्यायची. एखादी चुकली तर पुडी परत घ्यायची. म्हणजे जे झालं ते अज्ञानानं झालं, असं म्हणायची सोय मला तिनंच ठेवली नाही.

निजामाचं राज्य होतं आणि तिकडं दूर जगात मोठी लढाई चालू होती. माझं सासर हद्दीपलीकडं, इंग्रजी मुलखात, सोलापूरच्या बाजूला होतं. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले आणि मुलगी झाली. वडील नव्हते. थोरला भाऊ, ज्याला आम्ही अण्णा म्हणायचो, त्याचं गावात धान्याचं लहान दुकान होतं. धान्यावर लेव्ही बसली होती आणि डाळदाणा राज्याबाहेर न्यायला बंदी होती. पलीकडं शहरात रेशन आणि टंचाई, त्यामुळं तिकडं त्याच डाळीला भलताच भाव. हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही. फक्त या गोष्टीचा माझ्याशी काही संबंध असेल असं मला वाटलं नव्हतं.

मुलीला रोज गुटी द्यायची ती आई. सहाणेवर एकेक मुळी धरून फिरवायची. वेखंड, सुंठ, हळकुंड, बाळहिरडा, जायफळ आणि शेवटी आसंध. कशाचे किती वळसे हे ठरलेलं असतं, आणि मूल वाढेल तसे ते वाढवायचे. जायफळ आणि आसंध यांना मात्र तिनं एकेक वळशापुढं कधी जाऊ दिलं नव्हतं. "ही दोन झोप आणत्यात," ती म्हणायची. "झोप म्हंजी औषध न्हाय. लेकरू निजलं की आईला वाटतं गुण आला. गुण न्हाय, गुंगी आली." उगाळलेलं ते माझ्या दुधात कालवून ती बोंडल्यानं मुलीच्या तोंडात सोडायची. माझ्या हातात सहाण तिनं दिली नाही. बाळंतिणीनं गार पाण्यात हात घालायचा नाही, हे त्याचं कारण.

आमच्याकडं एक रीत होती आणि अजूनही थोडीफार आहे. बाळंतिणीचं औषध माहेरचं, आणि माहेरच्या औषधाबद्दल सासरच्यांनी 'हे काय?' असं विचारायचं नाही. विचारलं तर तो माहेरचा अपमान. मूल सासरी आलं तरी माहेरून आलेली गुटीची पिशवी निमूट वापरायची. मला ती रीत चांगली वाटायची. आपल्या आईच्या हातावर कुणी शंका घेत नाही, यात एक मान होता.

सासरी निघायचं ठरलं तशी अण्णानं गाडी सजवायला घेतली. छपराची बैलगाडी, दोन्ही बाजूंना पडदे. आत त्यानं इतकं अंथरलं की मी बसून पाहिलं तर डोकं छपराला टेकत होतं.

"अण्णा, येवढी गादी कशाला? मी काय राजवाड्यात चाललेय व्हय?"

"बाळंतिणीला हादरं बसाया नकोत. न्हायतर तुझी सासू म्हनंल, भावानं पाटीत घालून पाठवली."

"गेल्या वेळी तर नुसत्या कडब्यावर बसवलं होतंस."

"तवा तू एकटी व्हतीस. आता तुला भाव आलाय," तो म्हणाला आणि वैनी हसली. मीही हसले.

मला वस्तू जागच्या जागी लागतात, त्यामुळं सामानाची मांडामांड मीच करायला निघाले होते. लाडवांचा डबा कुठं, मुलीची दुपटी कुठं, पाण्याची कळशी कुठं. अण्णानं मला गाडीला हात लावू दिला नाही. "तू फकस्त बस," म्हणाला. मला वाटलं, भाऊ माया करतोय. एरवी तो असा नव्हता. ते माझ्या ध्यानात आलं होतं आणि मी ते आनंदाच्या खात्यात टाकलं.

निघायच्या दिवशी सकाळी आईनं गुटीसाठी माझ्याकडून वाटीत दूध मागून घेतलं. नेहमीपेक्षा जास्त मागितलं. मी विचारलं तर म्हणाली, "वाटंत दुसऱ्यांदा द्याया लागल, करून ठिवते." मी वाटी भरून दिली.

मग ओटी भरायला शेजारणी जमल्या. एका म्हाताऱ्या कानडी शेजारणीनं माझ्या कपाळाला आणि मुलीच्या दुपट्याच्या टोकाला खंडोबाचा भंडारा लावला. मूल आत आईजवळ होतं, म्हणून दुपट्याला. "होगि बा, तंगी," ती म्हणाली. जाऊन ये, धाकटे. मला रडू आलं. आई मुलीला घेऊन बाहेर आली तेव्हा मुलीचं तोंड पुसून झालेलं होतं आणि डोळे मिटत आले होते.

"गुटी दिलीय. आता निवांत निजंल."

"पण मी पाजून घेते की आधी."

"वाटंत पाज. ऊन चढायच्या आत निघा." आणि तिनं मुलगी माझ्या हातात न देता गाडीत, गादीच्या मधोमध नेऊन ठेवली. वर माझी मऊ साडी घातली. "उठवू नगंस तिला," एवढं म्हणून पदर डोळ्यांना लावला. लेकीला निरोप देताना प्रत्येक आई लावते तसाच.

वाटेत अण्णा बैलांशी बोलत होता, माझ्याशी कमी. मुलगी झोपलेली. माझं दूध दाटून आलं, चोळी भिजली, तरी ती उठेना. मी पाय चोळले, गाल हलवला. तिनं ओठ जरासे हलवले आणि पुन्हा गप्प. मी पडद्यातून म्हटलं, "अण्णा, ही लई वेळ निजलीय."

"गाडीच्या हलन्यानं निजतंच लेकरू. आता नाका येतोय. तिथं खाली उतरू नगंस. परक्यांची नजर लागती."

हद्दीवरच्या करोडगिरीच्या नाक्यावर गाड्यांची रांग होती. राज्याबाहेर जाणारा माल तिथं तपासत. आमच्या पुढच्या गाडीतली मडकीसुद्धा उतरवायला लावली होती. काठी घेतलेला एक उंच शिपाई आमच्याकडं आला.

"अंदर कौन है?"

"जच्चा-बच्चा है, साब," अण्णा म्हणाला. "बहन हाय माजी. सासरी सोडाया चाललोय."

शिपायानं पडद्याची कड बोटभर उचलली. त्याला मी दिसले, मांडीजवळ झोपलेली मुलगी दिसली. लगेच नजर खाली करून त्यानं पडदा सोडला. "बच्चा सो रहा है? सोने दो, सोने दो." मग रांगेकडं वळून ओरडला, "हटो रे, जच्चा की गाडी को रास्ता दो! धूप में खडा किये क्या उसको?"

लोकांनी गाड्या बाजूला घेतल्या. त्यानं स्वतः आमच्या बैलाच्या शिंगाला धरून वाट करून दिली. बाळंतिणीला खाली उतरवून झडती घ्यायची नाही, हा तिथला कुठं न लिहिलेला कायदा होता आणि तो माणूस तो मनापासून पाळत होता. मला फार बरं वाटलं. अण्णा किती जपून नेतोय, असंही वाटलं.

नाका मागं पडल्यावर कोसभरानं एका चिंचेखाली अण्णानं गाडी थांबवली. तिथं दुसरी एक गाडी सोडलेली होती आणि दोन अनोळखी माणसं बसली होती.

"बाय, जरा उतर. बैलं दमलीत."

मी मुलीला उचललं. तिची मान माझ्या हातावरून मागं गेली. तान्ह्या मुलाची मान धरावी लागते हे ठीक, पण हे तसं नव्हतं. हातपाय ओल्या कपड्यासारखे लोंबत होते. मी नाकाशी हात धरला. श्वास होता, सावकाश.

तोवर त्या माणसांनी माझी गादी बाजूला केली होती. खाली कडबा, कडब्याखाली आडवी पसरलेली पोती. ती त्यांनी खांद्यावर घेतली. अण्णा हसत होता.

"बघितलंस? हवालदारानं दुवा देऊन सोडलं!"

"हे काय हाय, अण्णा?"

"तूरडाळ. चोरीची न्हाय, आपल्याच दुकानची."

"मला का न्हाय सांगितलं?"

"तुझ्या तोंडावर सगळं दिसतंय, बाय. ल्हानपणी लपंडावात बी तू आधी हसायचीस अन्‌ सगळ्यांना धरून द्यायचीस. आत बसून घाबरली असतीस तर त्यानं एका नजरंत वळखलं असतं."

"आणि ही? ही का उठंना?"

तो दोरी आवळायला लागला. आवळलेलीच होती, तरी.

"आईनं आज जरा जास्त उगाळलंय. लेकरू रडलं असतं तर तू उतरली असतीस, गादी हालली असती. उठंल आता."

"किती जास्त?"

"मला काय ठाव? बायकांचं काम ते. म्या आपलं म्हनलो, नाक्यापुरती झोपू दे म्हंजी झालं."

मी मुलीच्या तोंडाशी नाक नेलं. जायफळाचा वास होता आणि त्याखाली आसंधाचा, तो घोड्याचा. आईनंच मला हे वास ओळखायला शिकवलं होतं. सकाळची वाटी आठवली. माझंच दूध होतं ते.

पुढच्या वाटेत मी काय काय केलं ते सांगते, कारण कुणाला उपयोग होईल. मुलीला पाठीवर झोपवलं नाही, कुशीवर धरलं. एकदा तिला ओकारी आली ती त्यामुळं बाहेर पडली, नाहीतर छातीत गेली असती. झोपेत तोंडात दूध ओतलं नाही. तळव्यांना ओलं फडकं लावत राहिले, कानाच्या पाळ्या चोळत राहिले आणि नजर तिच्या पोटावर ठेवली, ते वरखाली होतंय ना म्हणून. अण्णा दोनदा म्हणाला, "आईला माप कळतंय, बाय." दुसऱ्यांदा त्याचा आवाज बदललेला होता आणि तो बैलांना मारायला लागला होता.

सासरी पोचलो तेव्हा सूर्य मावळत होता. सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणायची, भाकरतुकड्याचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. ओवाळून टाकताना त्यांनी मुलीकडं पाहिलं आणि त्यांचा हात थांबला.

"असं का हाय लेकरू?"

"वाटंनं दमलंय," अण्णा पटकन म्हणाला. "उन्हाचं, हादऱ्याचं."

आत्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना काहीतरी कळलं होतं. पण माहेरच्या औषधाबद्दल विचारायचं नसतं, म्हणून त्या थांबल्या होत्या. मी गप्प राहिले असते तर त्याही गप्प राहिल्या असत्या, दृष्ट काढली असती आणि मुलीला निजवलं असतं. मला दोन्ही दिसत होतं. बोलले तर आईची इतक्या वर्षांची अब्रू या उंबऱ्यावर जाणार. नाही बोलले तर मुलगी जाईल.

"आत्या, हिला आसंध आणि जायफळ जास्त दिलंय. चुकून न्हाय. नाक्यावर रडू नये म्हणून, मुद्दाम. गाडीत डाळ होती. मला ठाऊक नव्हतं."

अण्णा उंबऱ्यापासून मागं सरला.

आत्यांनी ताट खाली ठेवलं. "पावणं, तुम्ही ओट्यावर बसा," एवढंच त्याला म्हणाल्या आणि मुलीला घेऊन आत गेल्या. माझ्या नवऱ्याला त्यांनी सायकलवर पिटाळलं, जवळच्या गावच्या दवाखान्यात. डॉक्टर यायच्या आधीच, दिवा लावल्यावर थोड्या वेळानं, मुलगी रडली. मांजराच्या पिल्लासारखं, बारीक. मग थांबली, मग पुन्हा रडली. आत्या म्हणाल्या, "रड गं माझे बाय, लई रड."

डॉक्टरांनी तपासलं. वाचली म्हणाले, पण आजची रात्र कुणीतरी जागं राहून श्वास बघा. आणि गुटी बंद. "मोठ्यांना जे बळ देतं ते तान्ह्याला झेपेलच असं नाही," ते म्हणाले. "एका मुळीत गुण जास्त, दुसरीत कमी. तुम्ही वळसे मोजता, आतलं औषध मोजत नाही." मला हे पटलं. आईचे वळसे एरवी बरोबर पडत होते, ते तिच्या हाताचं कौशल्य होतं आणि थोडं आमचं नशीबही.

अण्णा जेवायला थांबला नाही. तो ओट्यावरून उठला तेव्हा मी त्याला पाण्याचा तांब्या दिला. तो घेत म्हणाला, "घरातलं सासरच्यांपुढं उघडं केलंस. ही येक गोष्ट तू करशील असं वाटलं नव्हतं."

मी म्हणाले, "तुला एकच गोष्ट वाटली नव्हती, अण्णा. मला आज किती गोष्टी वाटल्या नव्हत्या ते विचार."

मुलगी सावरली आणि चांगली वाढली, हे इथंच सांगते. तिला काही कमी पडलं नाही.

काही महिन्यांनी आई जावळाला आली. तिनं मुलीला मांडीवर घेतलं, कुंची घातली, नाक चोळून वर काढलं. नातीवर तिची माया खोटी नव्हती. ती खोटी असती तर माझं काम सोपं झालं असतं. आत्या मुद्दाम बाहेर निघून गेल्या तशी मी विचारलं.

"आई, असं का केलंस?"

"म्या माप धरलं व्हतं."

"कशाचं माप? लेकराचं का नाक्याचं?"

ती मुलीच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. "तुझ्या भावानं पाय धरलं माझं. माल घरात सडत व्हता. दुकान बसलं असतं तर आम्ही कुठं जायाचं? तुझा बाप बी न्हाय. तुला तुझं घर हाय."

"मग मला विचारायचं व्हतंस."

"विचारलं असतं तर व्हय म्हनली असतीस?"

"न्हाय."

"मग?" आई म्हणाली.

तिच्या दृष्टीनं तिथं बोलणं संपलं. तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. शेवया किती शिजवायच्या हे सांगताना ती जसं बोलायची तसंच बोलली. मी नाही म्हणेन हे तिला ठाऊक होतं, म्हणूनच तिनं विचारलं नाही, आणि यात विश्वासघात कुठं आहे हे तिला दिसत नव्हतं. मी वाद घातला नाही. तिला जेवायला वाढलं, परत जाताना साडी दिली, ओटी भरली. गुटीची नवी पिशवी तिनं आणली होती. मी ती तिच्या सामानात परत ठेवली. तिनं पाहिलं, आणि पुन्हा काढली नाही.

आसंधावर माझा राग नाही. आत्यांच्या गुडघ्यांना मी पुढं कित्येक वर्षं त्याचा लेप लावला आणि तो त्यांना मानवला. पण घरात ते मूळ कुणाला पोटात घ्यायचं असेल तर घेणाऱ्याला आधी सांगायचं, काय आहे, किती आहे, कशासाठी आहे, असा नियम मी केला. घरातल्या लोकांनी यावर थट्टा केली. "चहातसुद्धा काय घातलंय ते वाचून दाखव," असं नवरा म्हणायचा. मी दाखवायची.

मला दुसऱ्यांदा दिवस गेले तोवर निजामाचं राज्य गेलं होतं. नाका उठला होता, शिपाई कुठं गेले कुणास ठाऊक, आणि डाळ राजरोस इकडून तिकडं जात होती. सातव्या महिन्यात अण्णाचा गडी गाडी घेऊन दारात आला. गाडीत साधा कडबा होता, वर एक घोंगडी.

"आईनं निरोप दिलाय," तो म्हणाला. "म्हनल्या, आता नाका बी ऱ्हायला न्हाय. बाळंतपनाला घिऊन यायला सांगितलंय."

मी त्याला जेवू घातलं, बैलांना पाणी दाखवलं. मग निरोप सांगितला आणि तो चुकू नये म्हणून त्याच्याकडून पुन्हा म्हणून घेतला.

"सांग, नाक्याचा काही दोष नव्हता."

गाडी रिकामी परत गेली. मी सासरीच बाळंत झाले.